अणू की परमाणू?

पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आता हीच गोष्ट हिंदी माध्यमाचा विद्यार्थी कशी म्हणतो ते पाहा: 'जल के एक अणु में हाइड्रोजन के दो परमाणु और ऑक्सीजन का एक परमाणु होता है.' आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला तो अणु म्हणतो, आणि आपण ज्याला अणू म्हणतो त्याला तो परमाणु म्हणतो. तेव्हा मराठी विद्यार्थ्याने हिंदी पुस्तक उघडून 'अणु' हा शब्द आपल्या अर्थाने वाचला, तर त्याचे रसायनशास्त्र पहिल्याच पानावर बिघडले म्हणून समजा!

हे एकच उदाहरण नाही. आपला 'लोलक' म्हणजे पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग करून दाखविणारा काचेचा तुकडा. हिंदीत 'लोलक' म्हणजे घड्याळात झुलतो तो लंबक. आपली 'आवृत्ती' पुस्तकाची असते. हिंदीतील 'आवृत्ति' म्हणजे कंपनांची वारंवारिता. आणि हिंदी पुस्तकात वायूचा 'ताप' वाढला असे वाचले, तर वायूला औषध देण्याचे कारण नाही, त्याचे तापमान वाढले इतकाच त्याचा अर्थ.

दोन्ही भाषांची लिपी एक, दोघींचाही शब्दांचा मोठा साठा संस्कृतातून आलेला. शिवाय हे शब्द काही आपोआप रुळलेले नाहीत. त्यांतील बरेचसे शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांनी, समित्यांच्या बैठकांत वाद घालून ठरविलेले आहेत. मग असे का झाले? त्यासाठी हे शब्द घडविण्याचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे.

भारतीय भाषांतून विज्ञान शिकविण्याची खटपट स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीची आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या 'दिग्दर्शन' मासिकात भूगोल, पदार्थविज्ञान असे विषय मराठीतून येत. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले ते उर्दू माध्यमाचे होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश करवून घेतला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हे सारे प्रयत्न सुटे सुटे होते. एका ठिकाणचा शब्द दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नसे.

स्वातंत्र्यानंतर हे काम केंद्र शासनाने हाती घेतले. संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदात हिंदीच्या विकासाची जबाबदारी संघराज्यावर टाकली असून, लागतील ते शब्द मुख्यतः संस्कृतातून आणि त्यानंतर इतर भाषांतून घ्यावेत असे म्हटले आहे. १९५५ मध्ये बाळासाहेब खेरांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल, मग संसदीय समितीचा विचार, मग २७ एप्रिल १९६० चा राष्ट्रपतींचा आदेश, अशा पायऱ्या चढत अखेर १ ऑक्टोबर १९६१ रोजी 'वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग' स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते डॉ. दौलतसिंग कोठारी. हे गृहस्थ भाषापंडित नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते! केंब्रिजला फाउलर यांच्या हाताखाली काम करून आलेले, दिल्ली विद्यापीठात शिकविणारे, आणि श्वेत बटू ताऱ्यांतील द्रव्य प्रचंड दाबाखाली कसे वागते यावर संशोधन केलेले. शब्द बनविण्याच्या कामाला असा माणूस मिळाला ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

आयोगापुढे एक तयार नमुना होता, तो डॉ. रघुवीर यांचा. नागपूर हे काही वर्षे त्यांच्या कार्याचे केंद्र होते. त्यांचे म्हणणे असे की, संस्कृतातील धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जुळणीतून लाखो शब्द बनू शकतात, मग बाहेरचा एकही शब्द कशाला घ्यायचा? त्यांनी खरोखरच तसे शब्द बनविले. हायड्रोजनला उदजन, ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार. जुळणी मोठी तर्कशुद्ध होती. पण जरा विचार करा. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत आणि त्यांच्यापासून झालेल्या संयुगांची संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. ही सर्व नावे जपानचा, रशियाचा, ब्राझीलचा रसायनज्ञ जवळजवळ एकाच रूपात ओळखतो. त्या सर्वांना आपण नवी नावे द्यायची, आणि मग आपल्या विद्यार्थ्याने जन्मभर दोन-दोन नावे पाठ करायची! शिवाय चिन्हे तर रोमनच राहणार. प्रांगार लिहायचे आणि त्यापुढे कार्बनचे चिन्ह काढायचे, यात कोणाचीच सोय नव्हती.

आयोगाने मधला मार्ग काढला. त्याची तत्त्वे वाचली की हे काम करणारी माणसे व्यवहारी होती हे लगेच ध्यानात येते. मूलद्रव्यांची आणि संयुगांची नावे आहेत तशीच ठेवायची. डाइन, कॅलरी, अँपिअर यांसारखी एकके तशीच. व्यक्तींच्या नावांवरून आलेले शब्द, म्हणजे फॅरेनहाइट किंवा ब्रेल, तसेच. वनस्पती आणि प्राणी यांची द्विनाम पद्धतीची लॅटिन नावे तशीच. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, रडार, रेडिओ, पेट्रोल हे जगभर चालणारे शब्दही तसेच. गणितातील चिन्हे आणि सूत्रे रोमन किंवा ग्रीक अक्षरांत. मात्र ज्या शब्दामागे एखादी कल्पना आहे, तो शब्द भाषांतरित करायचा. तो करताना अर्थ नेमका हवा, शब्द सोपा हवा. शुद्धीच्या हट्टापायी दुर्बोध होऊ नये. लोकांच्या तोंडी आधीच असलेला शब्द काढून टाकू नये. आणि गरज पडली तर दोन भाषांचा संकर खुशाल करावा: 'आयन' हा शब्द बाहेरचा, त्याला संस्कृत प्रत्यय लावून 'आयनीकरण' केले, 'व्होल्ट'पासून 'व्होल्टता' केली.

मराठीने यापुढे आणखी एक बारीक गोष्ट केली आहे. आपल्या पुस्तकांत आयनीभवन, बाष्पीभवन असे शब्द आहेत. 'भवन' म्हणजे होणे, 'करण' म्हणजे करणे. ओल्या कपड्यातील पाणी आपोआप वाफ होऊन जाते, ते बाष्पीभवन. हा फरक प्रत्ययातच बसला आहे.

कल्पना भाषांतरित करायची, असे का म्हटले असेल? एक शब्द घेऊन पाहू. 'आयसोटोप' हा शब्द १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी वापरात आणला. तो त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचविला होता. ग्रीक भाषेत 'आयसॉस' म्हणजे समान आणि 'टोपॉस' म्हणजे जागा. ज्यांचे वस्तुमान वेगळे, पण आवर्तसारणीतील जागा एकच, ते आयसोटोप. ग्रीक न जाणणाऱ्या मुलाला यातले काहीच दिसत नाही; त्याला ते घोकावे लागते. 'समस्थानिक' म्हणा, आणि अर्धी व्याख्या शब्दातच सापडते. मार्गारेटबाईंनी जे ग्रीकमधून केले तेच आपण संस्कृतातून केले. 'तरंगलांबी' हा शब्द याहूनही गोड आहे, कारण 'लांबी' हा शब्द पहिलीतल्या मुलालाही समजतो. हिंदीत त्यालाच 'तरंगदैर्घ्य' म्हणतात. येथे आपला शब्द सरस आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

सोप्या शब्दांचीही एक अडचण असते, ती मात्र शिक्षकांनी विसरू नये. बल, शक्ती, ऊर्जा हे तिन्ही शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत. 'अंगात शक्ती नाही' म्हणा किंवा 'बळ नाही' म्हणा, सारखेच. भौतिकशास्त्रात मात्र बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा ज्यूलमध्ये आणि शक्ती वॉटमध्ये. डोक्यावर पोते घेऊन तासभर स्थिर उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण शास्त्राच्या भाषेत त्याने पोत्यावर काहीच कार्य केलेले नसते, कारण पोत्याचे विस्थापन शून्य आहे. हा दोष मराठीचा नव्हे. इंग्रज मुलालाही त्याच्या भाषेतले रोजचे शब्द असेच पुन्हा नव्याने शिकावे लागतात. आपल्याकडे काही जण 'मराठी शब्द संदिग्ध असतात' असे सांगतात, तेव्हा त्यांच्या हे लक्षात आलेले नसते.

आता पुन्हा अणूकडे वळू. कणादांच्या वैशेषिक दर्शनात द्रव्याचा सर्वांत लहान, अविभाज्य कण म्हणजे परमाणू. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक. कवडशात तरंगताना दिसणाऱ्या धूलिकणाला त्रसरेणू म्हणत. संस्कृतात 'रेणू' म्हणजे धुळीचा कण. या परंपरेला धरून सर्वांत लहान कणाला परमाणु आणि त्याहून मोठ्याला अणु म्हणायचे, असे हिंदीने केले. गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू यांचीही वाट तीच. मराठीत मात्र 'अणू' आणि 'रेणू' ही जोडी रुळली. आणि गंमत म्हणजे तमिळमध्येही 'अणु' म्हणजे आपलाच अणू.

आयोगाच्या तत्त्वांत असेही एक तत्त्व आहे की, सर्व भारतीय भाषांत शास्त्रीय शब्द शक्य तितके एकसारखे असावेत. पण लोकांत रुळलेला शब्द हलवू नये, हेही तत्त्वच आहे. अणूच्या बाबतीत ही दोन्ही तत्त्वे समोरासमोर येतात. 'अणुबाँब', 'अणुभट्टी' हे शब्द ज्या भाषेत वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले, तेथे उद्यापासून 'परमाणुबाँब' म्हणा असे सांगणे कठीण आहे. मुंबईतील एकाच आयोगाचे नाव म्हणूनच आपण मराठीत 'अणुऊर्जा आयोग' असे लिहितो आणि हिंदीत ते 'परमाणु ऊर्जा आयोग' असते. माझ्या मते हे असेच राहू द्यावे. शिकणाऱ्याला फरक ठाऊक असला म्हणजे पुरे.

महाराष्ट्रात परिभाषेचे काम राज्याच्या भाषा संचालनालयाकडे आले. राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, हे कार्यालयही सुरू झाले. आधी कारभाराचे शब्द, मग एकेका शास्त्राचे परिभाषा कोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालू होते. त्यांनी तर मूळ खंडांच्या आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रहाचा खंड काढला. पहिला खंड १९७६ चा. आधी शब्द नक्की करा, मग लेख लिहा, हा क्रम अगदी योग्य होता.

शब्द झाले, तरी पुस्तके हवीत. कोठारी हेच पुढे १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचेही अध्यक्ष झाले, आणि त्या आयोगाने विद्यापीठांतही सुमारे दहा वर्षांत प्रादेशिक भाषा माध्यम व्हाव्यात अशी शिफारस केली. १९६८ च्या सुमारास विद्यापीठीय पुस्तकांसाठी दर राज्यामागे एक कोटी रुपयांची केंद्रीय योजना आखली गेली. ठिकठिकाणी ग्रंथ अकादम्या निघाल्या, केरळात भाषा इन्स्टिट्यूट निघाली, आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. भौतिकी, रसायन, भूविज्ञान यांवर मराठीत चांगली, जाड पुस्तके झाली. त्यांतील काही आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के फार थोडे दिसतात.

याचे कारण पुस्तकांच्या दर्जात नाही. महाराष्ट्रात विज्ञानशाखेच्या बहुतेक वर्गांत अकरावीपासून शिकवणे आणि परीक्षा इंग्रजीतून असते. त्यामुळे दहावीपर्यंत घडलेला 'संवेग', 'विभव', 'जडत्व' हा सगळा शब्दसंग्रह विद्यार्थी जूनमध्ये दाराबाहेर ठेवून वर्गात येतो. अनेक शाळांत सेमी-इंग्रजीमुळे तो आधीच मागे पडलेला असतो. हिंदीचे तसे नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची भौतिकीची पुस्तके हिंदीत आहेत आणि मुले ती वापरतात. म्हणून आयोगाचे शब्द तेथे निदान बारावीपर्यंत जिवंत राहतात. नुसता कोश छापून शब्द जगत नाही. तो फळ्यावर लिहिला जावा लागतो, उत्तरपत्रिकेत चुकावा लागतो, भांडणात वापरला जावा लागतो.

अलीकडे पुन्हा हालचाल सुरू झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मातृभाषेवर भर आहे. २०२१ मध्ये आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांत हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या पाच भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची तयारी झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली. त्यांत असंख्य इंग्रजी संज्ञा नुसत्या देवनागरीत लिहिल्या आहेत म्हणून बरीच टीका झाली. शरीरातील हाडांच्या लॅटिन नावांबद्दल म्हणाल, तर मला त्यात गैर दिसत नाही. ते आयोगाच्याच तत्त्वाला धरून आहे. पण जेथे कल्पना समजावयाची आहे, तेथेही इंग्रजी शब्दच ठेवला तर विद्यार्थ्याला मिळाले ते फक्त हिंदी क्रियापद.

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ मध्ये दहा भाषांतून झाली, त्यांत मराठी होती. आता मराठी निवडणाऱ्याला द्विभाषिक प्रश्नपत्रिका मिळते. मराठी प्रश्न आणि त्याचा इंग्रजी पाठ दोन्ही समोर असतात. ज्याने 'वारंवारिता' शाळेत नीट समजून घेतली आहे, त्याला त्या मजकुराचा आधार होतो. मात्र सूचनांत एक ओळ असते ती वाचून ठेवा: भाषांतराविषयी शंका उद्भवल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल.