मरायचं विसरलेल्या पेशी

मुलाच्या शाळेतून एचपीव्ही लशीचा संमतीचा कागद घरी आला की बऱ्याच मराठी घरांत पहिला प्रश्न असतो, "ही लस मुलींची ना? मग याला कशाला?" त्याचं उत्तर आपल्या घशातल्या पेशींच्या मरणाशी जोडलेलं आहे.

पेशींचं मरण नेहमी वाईट नसतं. आईच्या पोटात असताना तुमच्या बोटांमधल्या पडद्याच्या पेशी वेळेवर मेल्या, म्हणून आज तुमची बोटं सुटी आहेत. या शिस्तीतल्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी 'अ‍ॅपोप्टोसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्द झाडाची पानं गळण्यासाठी वापरला जाई.

पेशीच्या डीएनएची मोडतोड झाली की पी५३ नावाचं प्रथिन तिचं विभाजन थांबवतं. बिघाड दुरुस्त होण्यापलीकडचा असेल, तर तेच मरणाचा आदेश देतं. मग मायटोकॉन्ड्रियामधून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेस ही विकरं जागी होतात आणि पेशीला आतून कापून काढतात. उरलेले तुकडे आसपासच्या पेशी गिळून टाकतात.

घशाच्या कर्करोगात हा आदेश निघतच नाही. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला तंबाखूचा, विशेषतः सोबत दारू असेल तर. धुरातली रसायनं पी५३चं जनुकच बिघडवतात. दुसरा मार्ग एचपीव्ही-१६ या विषाणूचा. तो टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो. त्याचं ई६ हे प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकडून पी५३वर 'टाकाऊ' असा शिक्का मारून घेतं आणि पेशी स्वतःच आपला पहारेकरी मोडीत काढते. जनुक मात्र बहुधा शाबूत राहतं.

हा फरक उपचारात दिसतो. घशाच्या या भागातल्या पुढच्या टप्प्याच्या कर्करोगावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किरणोपचार व केमोथेरपीनंतर तीन वर्षांनी एचपीव्हीमुळे आजारी पडलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते. इतरांपैकी ५७ टक्के. पी५३चं जनुक शाबूत असणं हे यामागचं एक कारण मानलं जातं.

पण आजार टळला तर उत्तमच. अमेरिकेत या भागातले सुमारे ७० टक्के कर्करोग एचपीव्हीशी निगडित आहेत आणि ते पुरुषांत जास्त आढळतात. झालेला संसर्ग लस बरा करत नाही, म्हणून ती आधीच द्यायची असते: अमेरिकेत ११-१२व्या वर्षी, तर इंग्लंडमधल्या शाळांत १२-१३व्या वर्षी, २०१९पासून मुलांनाही.

तेव्हा तो कागद बाजूला ठेवू नका, शंका असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या मानेत न दुखणारी गाठ किंवा आवाजात घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर "मी कुठे सिगारेट ओढतो?" असं म्हणून थांबू नका. तपासून घ्या.