जुन्या दुनळीचा ‘चोक’ ओळखायचा कसा?

शिर्डी : निवडणुकीची आचारसंहिता लागली, की छाननीनंतर अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. एरवी वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेली आजोबांची बारा बोअरची दुनळी त्या निमित्ताने बाहेर येते. शिर्डी, राहाता, कोपरगाव हा पाटपाण्याचा आणि उसाचा पट्टा. वस्तीवरच्या राखणीसाठी आणि पीक संरक्षणासाठी घेतलेल्या बंदुका येथे वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे येतात. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक नोंदलेला असतो. मात्र त्या नळीतून कोणते काडतूस उडविणे सुरक्षित आहे, हे ज्यावर बऱ्याच अंशी ठरते, त्या ‘चोक’चा उल्लेख कोठेही सापडत नाही.

छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तोंडाजवळच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये ती किंचित निमुळती केलेली असेल, तर त्या आवळपणाला चोक म्हणतात. छऱ्यांचा घोळका बाहेर पडताना दाबला जातो आणि दूरवर एकत्र राहतो. हे निमुळतेपण डोळ्यांना दिसेल एवढे नसते. पूर्ण चोकमध्ये तोंडाचा व्यास नळीपेक्षा सुमारे एक मिलिमीटरने कमी असतो, अर्ध्या चोकमध्ये अर्ध्या मिलिमीटरने आणि पाव चोकमध्ये पाव मिलिमीटरने. ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’ नावाच्या प्रकारात तर हा फरक जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा. अजिबात चोक नसलेल्या नळीला ‘सिलिंडर’ म्हणतात. दुनळीत सहसा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ ठेवण्याची पद्धत होती. पहिला बार जवळच्या लक्ष्यावर, दुसरा दूर गेलेल्यावर, असा त्यामागचा हिशेब. तरीही जुन्या बंदुकीच्या बाबतीत या पद्धतीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

चोकचे पेटंट इंग्लंडमध्ये १८६६ साली न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने घेतले. १८७० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने ही पद्धत लोकप्रिय केली. तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. तोपर्यंत छऱ्याच्या बंदुकीतून गरजेप्रमाणे एकच मोठी शिशाची गोळीही उडविली जाई. नळीत बरोबर बसणारी गोळी पुढच्या आवळ तोंडातून सुखरूप निघेल याची खात्री राहिली नाही. नळी फुगण्याची किंवा फाटण्याची भीती निर्माण झाली. म्हणून १८७५ ते १८८७ या काळात ब्रिटिश चाचणीगृहांनी चोक असलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नाही’, असा शिक्का मारला. १८८७ नंतर त्याची जागा नुसत्या ‘चोक’ या शब्दाने घेतली. आपल्याकडच्या जुन्या घरांत बंदुकीबरोबर काडतुसांचा जुना डबाही वारशाने येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, पण त्याआधीच्या काळातील गोळीची काडतुसे त्या डब्यात असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिक्का न वाचता ती वापरणे म्हणजे स्वतःच्या डाव्या हाताशी खेळ.

हा शिक्का नळीच्या वरच्या पट्टीवर शोधून मिळत नाही. तेथे असते ते बहुधा दुकानाचे नाव. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशा पेढ्यांची नावे कोरलेल्या अनेक बंदुका प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये घडलेल्या असत. खरी कुंडली असते ती नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट बाजूवर. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, की तेथील बारीक ठसे दिसतात. इंग्रजी बंदुकीवर १२, १३, १२/१ किंवा १३/१ असे आकडे आढळतात. ते नळीच्या आतल्या व्यासाचे माप सांगतात. बोअर ही मोजणीच मुळी वजनावरून आलेली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एकीचा जो व्यास, तो बारा बोअर, म्हणजे १८.५ मिलिमीटर. १९५४ पासून हेच माप इंचाच्या दशांशात नोंदविले जाऊ लागले. बेल्जियममधील लिएजच्या नळ्यांवर अनेकदा नळीचा आणि तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. वजाबाकी केली की चोक कळतो. इटालियन बंदुकीवर तारे असतात आणि तेथे हिशेब उलटा चालतो : एक तारा म्हणजे पूर्ण चोक, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा आणि चार म्हणजे पाव. तारे जास्त म्हणून चोक जास्त, असे समजणारा नेमका फसतो.

ठसे मात्र बंदूक कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाची साक्ष देतात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोणी तोंड घासून मोकळे केले असेल, गंज काढताना नळी आतून रुंदावली असेल किंवा फुगलेले टोक कापून टाकले असेल, तर ठसा तसाच राहतो आणि चोक नाहीसा होतो. म्हणून मोजमापाला पर्याय नाही. येथेही एक फसगत आहे. अमेरिकेत तेथील डाइम हे १७.९ मिलिमीटरचे नाणे नळीच्या तोंडात शिरले नाही, तर चोक पूर्ण आहे, असा सोपा समज प्रचलित आहे. आपल्या नाण्यांवर तो प्रयोग जमतच नाही. २०११ मध्ये चलनातून गेलेले पोलादी दहा पैशाचे नाणे १६ मिलिमीटरचे, ते सगळीकडे आरपार जाईल. पंचवीस पैशाचे १९ मिलिमीटरचे, ते कोठेच शिरणार नाही. पण डाइमची चाचणीही मुळात चुकीचीच आहे, कारण ती फक्त तोंड मोजते.

एक उदाहरण घेऊ. दोन बंदुकांच्या तोंडाचा व्यास सारखाच, १७.७८ मिलिमीटर आहे. पहिलीवर १३ चा ठसा आहे, म्हणजे तिची नळी १८.०३ मिलिमीटरची. फरक पाव मिलिमीटरचा, म्हणजे पाव चोक. दुसरीवर १२/१ असा ठसा आहे, तिची नळी १८.८ मिलिमीटरची. फरक एक मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे पूर्ण चोक. तोंड एकच, पण स्वभाव टोकाचे वेगळे. नाणे दोन्ही ठिकाणी अडले असते. यासाठी नळीच्या आतला व्यास मोजणारा बोअर गेज लागतो. साध्या व्हर्नियर कॅलिपरने तोंडाचा अंदाज येतो, आतल्या नळीचा नाही.

मापाची खातरजमा कागदावर होते. परवानगी असलेल्या रेंजवर ४० यार्डांवरून, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवरून, मोठ्या कागदावर बार टाकायचा. छऱ्यांची गर्दी जेथे सर्वाधिक, तेथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतील छिद्रे मोजायची. ३२ ग्रॅमच्या काडतुसात इंग्रजी सहा नंबरचे सुमारे ३०४ छर्रे असतात. त्यांपैकी २१३ च्या आसपास वर्तुळात पडले, तर तो ७० टक्क्यांचा पूर्ण चोक. अर्ध्या चोकला ६० टक्के, सिलिंडरला ४० टक्के अपेक्षित असतात. एका बारावरून निष्कर्ष काढू नये. काडतूस बदलले, की आकडाही बदलतो.

काडतुसाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आहे. काडतुसावर लिहिलेली ७० मिलिमीटर ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची असते. जुन्या इंग्रजी बंदुकीचा काडतुसाचा कप्पा अनेकदा ६५ मिलिमीटरचाच असतो. भरलेले ७० चे काडतूस त्यात निमूट बसते, पण उडताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते आणि दाब वाढतो. चोक बरोबर ओळखूनही नळी या टोकाला फाटू शकते.

मोजमापात दोष आढळला, तर पुढचा मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते. कलम ६ नुसार त्यासाठीच्या परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. फुगलेले टोक गावातल्या लेथवर कापून घेण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा लागतो. बंदूक अद्याप आजोबांच्याच नावावर असेल, तर त्याआधी तिचा परवाना व्हायला हवा. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ते वारसाकडे सोपविण्याची सोय आहे. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तो मंजूर होऊन बंदूक हाती आली, की शस्त्रविक्रेत्याकडे दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजून घ्याव्यात आणि आकडे तारखेसह कागदावर लिहून परवान्याच्या पुस्तिकेत ठेवावेत.