कलम ३७७ : एका कायद्याचा दीडशे वर्षांचा प्रवास

भारतीय दंड संहितेतील ३७७ हे कलम अवघ्या काही ओळींचे होते. निसर्गक्रमाविरुद्ध स्वेच्छेने ठेवलेल्या शारीरिक संबंधास जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली होती. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्यात नव्हती. संमती होती की बळजबरी, हा प्रश्नही या कलमाच्या लेखी गौण होता. १ जानेवारी १८६२ रोजी अंमलात आलेल्या या कलमाची टांगती तलवार समलिंगी व्यक्तींच्या डोक्यावर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत राहिली.

या कलमाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३३ साली, अशा संबंधांस देहदंड ठरविणारा कायदा झाला होता. भारताच्या दंड संहितेचा मसुदा मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये सादर केला, तेव्हा या विषयाची जितकी कमी वाच्यता होईल तितके बरे, असा अभिप्राय त्यांनी नोंदविला. चर्चाच टाळून केलेला कायदा संदिग्ध राहिला, हे ओघानेच आले. पुढे खुद्द इंग्लंडमध्ये वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये शिफारस केली आणि १९६७ साली प्रौढांमधील खाजगी व संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळण्यात आले. आपल्याकडे मात्र त्यांचा जुना कायदा आणखी अर्धशतकभर चालू राहिला.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि या प्रश्नास जाहीर वाचा फुटली. नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेले अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी २ जुलै २००९ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध या कलमाच्या कक्षेबाहेर काढले.

तथापि, निकाल लागला म्हणून समाजाची दृष्टी लगेच बदलत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे कवी, प्रा. रामचंद्र सिरस, यांच्या घरात शिरून फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचे चित्रीकरण करण्यात आले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते त्यांनाच. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच ते घरी मृतावस्थेत आढळले.

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी दिल्लीचा निकाल रद्द ठरविला. समलिंगी व्यक्ती अत्यल्प आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी खटले झाले, असाही युक्तिवाद त्या निकालपत्रात आढळतो. वस्तुतः या कलमाचा जाच खटल्यांपेक्षा धमकीत अधिक होता. पोलिसांचे भय आणि बदनामीची भीती घालून उकळलेले पैसे कोणत्या नोंदवहीत सापडणार? खाजगीपणाच्या हक्कासंबंधी २०१७ मध्ये निर्णय देताना नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने संख्येच्या या युक्तिवादाची चूक दाखवून दिली. त्यामुळे पुढचा मार्ग मोकळा झाला. नर्तक नवतेज सिंग जोहर व इतरांच्या याचिकेवर, सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये एकमताने निर्णय दिला. न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे त्या पीठात होते. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या व्यक्तींची क्षमा मागावयास हवी, अशा आशयाचे मत नोंदविले.

विवाहाचा प्रश्न मात्र वेगळा राहिला. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. असे असले तरी शासकीय कार्यालयांशी थेट संबंध असलेल्या काही सूचना केंद्राने २०२४ मध्ये निर्गमित केल्या आहेत. शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांस एकाच कुटुंबातील समजावे, असे राज्यांना कळविण्यात आले. संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदारास नामनिर्देशित करण्यास हरकत नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. तहसील कचेरीत असा अर्ज आल्यास तो परत पाठविण्यापूर्वी या सूचना पाहाव्यात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि तीत हे कलम घेण्यात आलेले नाही. त्याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही : २०१८ नंतरही प्रौढ पुरुषावरील लैंगिक बळजबरी या कलमाखाली गुन्हा होती. मुलांना २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे; प्रौढ पुरुषांसाठी मात्र नव्या संहितेत बलात्काराच्या तोडीची स्वतंत्र तरतूद नाही.