उजवीकडून डावीकडे

आमच्या अंजनगाव सुर्जीत ‘सिलसिला’ची गाणी पानठेल्यावर वाजली, तशीच लग्नाच्या मांडवातही. संगीत होते शिव-हरी यांचे; त्यातले हरी म्हणजे बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसिया. १९८१च्या या चित्रपटानंतर ‘चांदनी’ (१९८९), ‘लम्हे’ (१९९१), ‘डर’ (१९९३) आले.

रागदारीची बासरी बाजारात उतरली म्हणून नाक मुरडायचे का? अमेरिकेत जॅझ बासरीवादक हर्बी मान यांनीही १९६९ साली मेम्फिसच्या ‘सोल’ वादकांना सोबत घेऊन ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ काढली. तीही खूप खपली.

हरिप्रसादांची वाट मात्र आधी उलटी गेली. मुंबईत सिनेगीतांना साथ करून पोट भरत असताना ते अन्नपूर्णादेवींच्या दारी गेले. सारे नव्याने शिकायची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी उजवीकडे धरायची बासरी डावीकडे घेतली. रोजीरोटीचा बसलेला हात मोडायचा आणि पुन्हा ‘सा’पासून सुरुवात, ही साधी गोष्ट नव्हे. ‘सिलसिला’ आला तो त्यानंतर.

आमच्या पानमळ्यात वेल शेजारच्या झाडाच्या आधाराने वर चढते. पाणी मात्र मुळाशीच द्यावे लागते. त्या गोड गाण्यांचेही तसेच, नाही का?