पस्तीस वर्षांनी रेसिंग

अर्जेंटिनाच्या फुटबॉल लीगमध्ये तेव्हा वर्षाला दोन स्वतंत्र विजेतेपदं असत. त्यांपैकी एक ‘अपेर्तुरा’. २००१च्या अपेर्तुरात २० संघ होते, प्रत्येकाचे १९ सामने. आवेयानेदाच्या रेसिंग क्लबने १९६६नंतर लीग जिंकलीच नव्हती. १९९९मध्ये तर दिवाळखोरीमुळे क्लब संपल्याचंही जाहीर झालं होतं. शेवटची फेरी आली आणि देश पेटला. लोकांचे पैसे बँकांत अडकलेले, रस्त्यांवर आंदोलनं, २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांचा राजीनामा. रेसिंगचा शेवटचा सामना पुढे ढकलला गेला. अखेर २७ तारखेला प्रतिस्पर्धी वेलेस संघाच्या मैदानावर रेसिंगच्या लोएशबोरने हेडरने गोल केला. १-१ बरोबरी विजेतेपदासाठी पुरेशी ठरली. रिव्हर प्लेट एका गुणाने मागे राहिला. त्याच वेळी हजारो चाहत्यांनी रेसिंगचं स्वतःचं स्टेडियमही भरून टाकलं होतं, केवळ पडद्यावर सामना पाहायला!