वीजपुरवठा घटक, जुन्या संगणकाचा
वीजपुरवठा घटक, जुन्या संगणकाचा : २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहापासून कमी दाबाचे स्थिर एकदिश प्रवाह पुरविणारा भाग. भारतात १९८४-८५ पासून ‘क्लास’ योजनेखाली शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकात हा घटक +५, −५ व +१२ व्होल्ट पुरवितो. कालांतराने त्यातील धारित्रे (विद्युत् भार साठविणारी साधने) निकामी होतात. नवा घटक निवडताना प्रत्येक दाब मुळाइतकाच असावा लागतो. प्रवाहक्षमता मात्र अधिक चालते, कारण संगणक गरजेपुरताच प्रवाह घेतो. आधुनिक घटकांत −५ व्होल्ट सहसा नसतो. −१२ व्होल्ट उपलब्ध असल्यास तो नियामकाद्वारे मिळवितात. घटक संगणकास जोडण्यापूर्वी त्यावर कृत्रिम भार लावून दाब व ध्रुवता तपासतात. अन्यथा अतिदाबाने दुर्मिळ संकलित मंडले कायमची निकामी होतात.