चपलेत मुरलेला कर बाहेर कसा निघतो?

बर्लिनमधल्या कुणीतरी रात्री मोबाइलवर कोल्हापुरी चपलांचा एक जोड मागवला, आणि कोल्हापुरातल्या दुकानदाराने बिल केलं. हाच जोड पुण्याला जाणार असता तर बिलात जीएसटी लागला असता. बर्लिनच्या बिलावर मात्र आपल्या सरकारचा कर शून्य. निर्यातीला कर नाही, एवढं म्हणून आपण पुढे जातो. पण जरा थांबा! त्या चपलेत जो कर आधीच मुरलाय, त्याचं काय?

कारण चामडं घेताना दुकानदाराने जीएसटी भरलेला असतो. डिंक, दोरा, पुठ्ठ्याचा खोका, ऑनलाइन जाहिरात, सगळ्यांवर भरलेला असतो. शेवटच्या बिलावरचा कर नुसता माफ केला, तर हा आतला कर किमतीत दडून थेट जर्मनीला पोहोचेल. म्हणून आपल्या एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम 16 करमाफीच्या पुढे जातं. ते निर्यातीला ‘शून्य दर’ लावतं. म्हणजे शेवटचा कर तर नाहीच, शिवाय वाटेत भरलेलाही परत! चहात विरघळलेली साखर पुन्हा वेगळी काढून डब्यात ठेवावी, तसंच हे.

हे जमतं कसं? प्रत्येक टप्प्यावरचा कर बिलात वेगळा छापलेला असतो, म्हणून. जुन्या पद्धतीत करावर कर चढत जायचा आणि शेवटच्या किमतीत नक्की किती कर आहे, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नसे. फ्रान्समधले कर-अधिकारी मॉरिस लोरे यांच्या कल्पनेतून तिथे 1954 मध्ये मूल्यवर्धित कर आला. प्रत्येक व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून आपण खरेदीवर भरलेला कर वजा करायचा आणि उरलेला सरकारजमा करायचा. आपला जीएसटी याच घराण्यातला. या वजाबाकीमुळे कराचा माग राहतो. आणि माग असला की उलटं चालत जाता येतं.

तरी एक पेच उरतोच. दुकानदाराने एकाच चामड्यातून काही जोड पुण्यासाठी केले, काही बर्लिनसाठी. कुठला तुकडा परदेशी गेला, हे कोण शोधणार? कुणीच नाही! कायदा सरळ प्रमाण काढतो. समजा, महिन्याची विक्री 10 लाखांची, त्यातली 4 लाखांची परदेशी, आणि कच्च्या मालावर व सेवांवर भरलेला कर 30 हजार. मग परताव्याचे होतात 12 हजार. उरलेले 18 हजार देशातल्या विक्रीवरच्या करातून वळते करून घेता येतात. इतका गुंतलेला प्रश्न शाळेतल्या त्रैराशिकाने सुटावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कर न भरता माल पाठवायचा, तर दुकानदार आधी सरकारला हमीपत्र देतो. व्यापारी त्याला ‘एलयूटी’ म्हणतात. बिलाच्या तारखेपासून साधारणतः तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही, तर कर व्याजासकट भरावा लागतो. दुसरी वाट म्हणजे आधी कर भरायचा आणि मग परत मागायचा. यात सीमाशुल्क खात्याकडे भरलेलं शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो.

पण बाकीचे देश याला ‘तुम्ही निर्यातीला पैसे चारता’ असं म्हणत नाहीत का? नाही म्हणत. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या गॅट करारातच तशी सोय आहे. देशात विकल्या जाणाऱ्या मालावर जो कर बसतो, तो निर्यातीवर माफ केला किंवा तेवढाच परत दिला, तर ते अनुदान ठरत नाही. यामागचा विचार मला अतिशय न्याय्य वाटतो: वस्तू जिथे वापरली जाईल, कर तिथला.

आणि तिथला कर वाट पाहतच असतो. युरोपीय संघात पूर्वी 22 युरोपर्यंतच्या पार्सलांना बाहेरून येताना मूल्यवर्धित कर नसायचा. 1 जुलै 2021 पासून ती सवलत गेली आणि 150 युरोपर्यंतच्या पार्सलांसाठी ‘आयओएसएस’ नावाची सोय आली. पोहोचवण्याच्या खर्चासह जोड 60 युरोंचा असेल, तर जर्मनीचा 19 टक्के कर, म्हणजे 11.40 युरो, बर्लिनकर ऑर्डर देतानाच भरतो. चप्पल अजून कोल्हापुरातच, आणि जर्मनीचा कर वसूल! मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री झाली, तर तो घेऊन भरण्याची जबाबदारी त्या बाजारपेठेची. दुकानदार स्वतःच्या संकेतस्थळावरून विकत असेल, तर त्याला सहसा युरोपातला एक मध्यस्थ नेमावा लागतो. पार्सलाच्या कागदपत्रांतला आयओएसएस क्रमांक पाहून जर्मन सीमाशुल्क खातं ओळखतं, की कराचं काम झालंय. तो क्रमांक राहून गेला, तर कुरिअरवाला दारात कर मागतो आणि बहुधा वर स्वतःचं शुल्कही.

संघाच्या 27 देशांतल्या अशा विक्रीसाठी नोंदणी एकच आणि महिन्याचं विवरणपत्रही एकच, दर मात्र ज्याचा त्याचा. म्हणून तोच जोड लक्झेंबर्गला निघाला तर त्यावर 17 टक्के बसतात, आणि हंगेरीला निघाला तर 27.